कर्तबगार माणसाचा थकवा आणि ‘कोच’ नावाचा सोबती

२० मार्च २०२४ रोजी पंतप्रधान लिओ वराडकर यांनी डब्लिनमध्ये सरकारी कचेरीच्या पायऱ्यांवर उभे राहून पद सोडत असल्याचे जाहीर केले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्या संध्याकाळी दुसरा विषय नव्हता. मालवण तालुक्यातील वराड गावच्या डॉक्टर अशोक वराडकरांचा हा मुलगा २०१७ साली, वयाच्या ३८ व्या वर्षी, आयर्लंडचा पंतप्रधान झाला. स्वतःही डॉक्टर. २०२० च्या साथीत पंतप्रधानपदी असतानाच त्यांनी वैद्यकीय नोंदवहीत पुन्हा नाव घातले आणि आठवड्यातला थोडा वेळ त्या कामाला दिला. अशा माणसाने सांगितले की या पदासाठी आता आपण सर्वांत योग्य व्यक्ती आहोत असे आपल्याला वाटत नाही. राजकारणी हीही माणसेच असतात, त्यांना मर्यादा असतात, असेही ते म्हणाले. ‘बर्नआउट’ हा शब्द त्यांनी वापरला नाही. कारणे वैयक्तिक आणि राजकीय, पण मुख्यतः राजकीय आहेत असे त्यांनी स्पष्ट केले होते, तेव्हा आपणही त्यांच्यावर तो शब्द लादू नये. पण पुढारपण करणाऱ्या माणसाने आपली शक्ती मोजावी आणि ते मोजमाप चारचौघांत सांगावे, हे आपल्या घरांत फारसे घडत नाही. म्हणून त्या भाषणाची आठवण.

एनिस आणि शॅनन परिसरात राहणारी आपली बरीच मंडळी आता कामात अशा टप्प्याला आली आहेत की हाताखाली दहा-वीस माणसे आहेत. कोणी कारखान्यात विभागप्रमुख, कोणी इस्पितळात वरिष्ठ परिचारिका किंवा डॉक्टर, कोणी संगणक क्षेत्रात प्रकल्पप्रमुख. अशा लोकांना हल्ली कंपनीकडून ‘एक्झिक्युटिव्ह कोच’ देऊ केला जातो, किंवा कोणी ओळखीचे सांगतात की स्वतःच्या खर्चाने घ्या. हा कोच म्हणजे नेमके कोण, तो काय करतो, कोठे त्याचा उपयोग नाही, आणि पैशाच्या बाजूने काय पाहावे, याची माहिती एकत्र मिळावी म्हणून हा लेख.

प्रथम थकव्याबद्दल. ‘बर्नआउट’ ही संज्ञा न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ साली रूढ केली. ते एका मोफत दवाखान्यात काम करीत, आणि सर्वांत तळमळीने राबणारे सहकारीच आधी विझत जातात हे त्यांनी पाहिले. पुढे कॅलिफोर्नियातील क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये ते मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या नव्याने केली. तिच्यानुसार हा आजार नसून कामाच्या ठिकाणच्या सततच्या, न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे. तिची लक्षणे तीन: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही अशी भावना. यांपैकी दुसरे लक्षण आपण चटकन ओळखत नाही. ‘हल्ली फार तुसडेपणाने बोलतोस’ असे घरच्यांनी म्हटले की आपण तो स्वभाव समजतो.

नुसते काम जास्त असले म्हणजे माणूस जळतो असे नाही. रॉबर्ट कॅरासेक या संशोधकाने १९७९ मध्ये मांडले की कामाची मागणी मोठी आणि त्यावरचा आपला ताबा कमी, ही जोडी सर्वांत घातक. शेतकरी सुगीत सोळा तास राबतो, पण कोणते काम आधी हे तो ठरवतो. इथल्या मधल्या फळीतल्या व्यवस्थापकाचे तसे नाही. वरून आकडे ठरतात, खालून तक्रारी येतात.

आपल्या लोकांच्या बाबतीत त्यात घड्याळाची भर पडते. हिवाळ्यात एनिसमध्ये सकाळचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात दीड वाजून गेलेला असतो, म्हणून भारतातल्या टीमची बैठक न्याहारीच्या आधी. कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ म्हणजे इथले संध्याकाळचे पाच, म्हणून त्यांची बैठक मुलांच्या जेवणाच्या वेळी. दिवस दोन्ही बाजूंनी ताणला जातो आणि मधले आठ तास तर नेहमीचे असतातच. आईवडिलांना फोन करायचा तर आपल्या जेवणाच्या सुट्टीत, कारण आपण मोकळे होतो तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. (१९९७ साली टेलिकॉम एअरनने एनिसची ‘माहिती युगाचे शहर’ म्हणून निवड केली आणि घरोघरी सवलतीत संगणक आले, तेव्हा गावाला त्याचे मोठे अप्रूप होते. त्याच वाटेने कचेरीही घरात येऊन बसेल, हा विचार त्या वेळी फारसा कोणाच्या मनात आला नसावा.)

आता कोचकडे वळू. आपल्याला हा शब्द क्रिकेटमुळे माहीत. रमाकांत आचरेकर सर शिवाजी पार्कवर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. गोलंदाजाने सचिनला बाद केले तर नाणे गोलंदाजाचे, सचिन नाबाद राहिला तर त्याचे. सर खेळ जाणत होते, चूक दाखवीत होते, आणि तोंडावर स्तुती करीत नव्हते. एक्झिक्युटिव्ह कोच मात्र या अर्थाने गुरू नव्हे. तुमचे काम त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळते असा त्याचा दावा नसतो. ही पद्धत टेनिसच्या मैदानावरून आली. टिमथी गॅलवे यांनी १९७४ मध्ये ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ या पुस्तकात मांडले की खेळाडूला सूचनांचा मारा करण्यापेक्षा त्याचे लक्ष योग्य जागी वळवले तर तो स्वतःच सुधारतो. इंग्लंडचे जॉन व्हिटमोर यांनी, जे पूर्वी मोटारशर्यतीचे विजेते होते, तोच विचार कचेरीत नेला. १९९२ च्या त्यांच्या ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ या पुस्तकामुळे ‘ग्रो’ नावाची चौकट जगभर गेली: काय साधायचे आहे, आज वस्तुस्थिती काय आहे, पर्याय कोणते, आणि त्यातले नक्की काय करणार. कोच प्रश्न विचारतो आणि उत्तर टाळू देत नाही.

प्रत्यक्षात हे कसे चालते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, शॅननच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आपले एक गृहस्थ गुणवत्ता विभागाचे प्रमुख आहेत. पहिल्या बैठकीत ते म्हणतात, “मला वेळेचे नियोजन शिकायचे आहे.” कच्चा कोच त्यांना वेळापत्रक करून देईल. चांगला कोच म्हणेल, दोन आठवडे रोज संध्याकाळी पाच ओळी लिहा: आज काय केले, त्यातले कोणते काम केवळ तुम्हीच करू शकत होता, आणि कोणते काम ‘नाही’ म्हणता आले नाही म्हणून केले. दुसऱ्या बैठकीपर्यंत चित्र बदलते. आठवड्याच्या नऊ बैठकांपैकी चारांत त्यांची गरजच नव्हती, पण आपण नसलो तर आपल्याविषयी काय बोलतील या धास्तीने ते बसत होते. हाताखालच्या मुलीने केलेला अहवाल ते रोज रात्री पुन्हा लिहीत होते. म्हणजे गाठ घड्याळाची नव्हती, विश्वासाची आणि धास्तीची होती.

तिसऱ्या-चौथ्या बैठकीत भाषेचा प्रश्न निघतो. आपल्याकडे ‘बघतो’ म्हणजे बहुधा ‘नाही’, आणि ऐकणाराही ते समजतो. तेच आपण इंग्रजीत ‘आय विल ट्राय’ म्हणून सांगतो, आणि साहेब वहीत ‘हो’ असे लिहून घेतात. उलट बाजूनेही घोळ आहेच. क्लेअरमधला माणूस ‘यू माइट हॅव अ लुक अ‍ॅट दॅट’ असे सौम्यपणे म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा काम सांगत असतो. ‘ग्रँड’ या एका शब्दाचे किती अर्थ होतात ते तर इथे दहा वर्षे काढलेल्यांनाच ठाऊक! अशा वेळी कोचसमोर प्रत्यक्ष वाक्य घोकून पाहता येते: “हे काम मी घेऊ शकतो, पण मग शुक्रवारचा अहवाल पुढच्या बुधवारी मिळेल. यातले आधी कोणते हवे?” नकार न देता ओझ्याचा हिशेब वरच्याच्या हाती देणारे हे वाक्य. माझ्या मते कोचिंगचा निम्मा पैसा अशा तीन-चार वाक्यांतच वसूल होतो.

याला शास्त्रीय आधार आहे का? थोडा आहे, आणि प्रामाणिक आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने ८८ डॉक्टरांवर केलेली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे अर्ध्यांना कोच दिला: फोनवर सहा बैठका, मिळून साडेतीन तास. पाच महिन्यांनी कोच मिळालेल्यांत तीव्र भावनिक थकव्याचे प्रमाण १९.५ टक्क्यांनी घटले, न मिळालेल्यांत ९.८ टक्क्यांनी वाढले. साडेतीन तासांचा हा परिणाम लहान नाही. मात्र रुग्णांविषयी येणारा दुरावा किंवा कामातले समाधान यांत स्पष्ट फरक दिसला नाही. कोचने माणसाला बळ मिळते, रुग्णांची रांग काही कमी होत नाही.

म्हणून कोचिंगचा एक गैरवापर ओळखून ठेवावा. पाच माणसांचे काम तिघांवर टाकायचे आणि त्या तिघांना ‘अधिक कणखर’ होण्यासाठी कोच द्यायचा, असेही काही ठिकाणी होते. तुमच्या बैठकांत ओझे कमी करण्याचा, माणसे वाढवण्याचा, अधिकार वाटून घेण्याचा विषयच निघू दिला जात नसेल, तर तो कोच तुमच्यासाठी नेमलेला नाही. जास्त तास म्हणजे जास्त काम, हा हिशेबही जुन्या नोंदींत टिकत नाही. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासून अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कॅव्हल यांनी २०१४ मध्ये दाखवले की आठवड्याला ७० तास राबणाऱ्यांचे उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा जवळजवळ वाढत नव्हते. चौदा तास फुकट! भारतात २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी ७० तासांचा सल्ला दिला आणि २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी ९० तासांचे बोल काढले. त्या वादात हा आकडा फारसा पुढे आला नाही.

आता प्रकृतीची बाजू, जी आपल्याला अधिक लागू आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या पाहणीनुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. आपला मूळ धोकाच मोठा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले होते. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणजे सडसडीत दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या आतही चरबी लपलेली असते. तेव्हा चाळिशीच्या आतच रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे, आणि आपले मूळ भारतीय आहे हे जीपींना आवर्जून सांगावे.

छातीत दडपण, डाव्या हाताला किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम, दम लागणे याला ‘ताण’ म्हणून घरी बसू नये. एनिसच्या रुग्णालयातील चोवीस तासांचा अपघात विभाग २००९ मध्ये बंद झाला, तेथे आता किरकोळ दुखापतींचा विभाग आणि जीपींच्या चिठ्ठीने तपासणी होते. अशा वेळी स्वतः गाडी चालवत लिमरिकला निघू नये, ११२ किंवा ९९९ फिरवावा. तसेच दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, पहाटे दचकून जाग येणे, कशातच रस न वाटणे ही नैराश्याची चिन्हे असू शकतात. तो आजार आहे, त्याचे काम डॉक्टरांकडे. जीव नकोसा वाटत असेल तर समॅरिटन्सचा ११६ १२३ हा फोन इथे मोफत आणि अहोरात्र असतो. चांगला कोच असे काही दिसताच स्वतः थांबतो आणि डॉक्टरांकडे पाठवतो.

थांबणे कसे असते याचे एक मोठे उदाहरण बँकेच्या जगातले आहे. अंतोनियो ओर्ता-ओसोरिओ २०११ च्या मार्चमध्ये लॉइड्स बँकेचे प्रमुख झाले. नोव्हेंबरमध्ये झोप पूर्ण उडाल्याने त्यांना रजेवर जावे लागले, शेअरचा भाव त्या दिवशी घसरला. ते २०१२ च्या जानेवारीत परतले, त्या वर्षाचा बोनस त्यांनी घेतला नाही, आणि पुढे बँकेतल्या वरिष्ठांसाठी प्रकृती आणि ताण यांवरचा कार्यक्रम सुरू केला. त्यांना दोन महिने मिळाले. आपल्याला किती मिळतील, हा खरा प्रश्न आहे.

आयर्लंडमध्ये कायद्याने मिळणारी पगारी आजारपणाची रजा २०२४ पासून वर्षाला ५ दिवस आहे. त्यासाठी तेरा आठवडे नोकरी झालेली असावी लागते आणि पगाराच्या ७० टक्के, पण दिवसाला कमाल ११० युरो मिळतात. चांगल्या कंपन्या याहून जास्त देतात, पण ते करारपत्रात लिहिलेले असावे लागते. त्यानंतर सरकारी आजारभत्ता. त्याला पीआरएसआयचे किमान १०४ आठवडे भरलेले असावे लागतात (शिवाय ठरावीक वर्षातील हप्त्यांची अट वेगळी). म्हणजे भारतातून येऊन दोन वर्षे पूर्ण न झालेल्या कुटुंबाला तो मिळत नाही, आणि तीच दोन वर्षे माणूस सर्वांत जास्त राबतो. स्वतःचा व्यवसाय करून एस वर्गात हप्ता भरणाऱ्यांनाही हा भत्ता नाही.

यासाठी ‘इन्कम प्रोटेक्शन’ विम्याचा विचार करावा. आजारपणामुळे काम थांबले तर सरकारी भत्ता धरून उत्पन्नाच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देणारा हा विमा. हप्त्यावर, एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत, आपल्या वरच्या कराच्या दराने सवलत मिळते. पैसे सुरू होण्याआधीची मुदत, उदाहरणार्थ १३ किंवा २६ आठवडे, आपणच निवडतो. मुदत लांब घेतली तर हप्ता कमी. पण हा विमा धडधाकट असताना घ्यावा. मनाच्या किंवा झोपेच्या तक्रारीची नोंद झाल्यावर कंपन्या अटी घालतात. मात्र त्या भीतीने डॉक्टरांकडे जाणे टाळू नये आणि अर्जात काही लपवूही नये, कारण लपवले तर दावाच नाकारला जातो.

परवान्याची भीती ही आपल्याकडची वेगळी गोष्ट. नोकरी गेली तर देश सोडावा लागेल, या धास्तीने अनेक जण ‘नाही’ म्हणत नाहीत. सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने नऊ महिन्यांनंतर त्याच प्रकारच्या कामासाठी मालक बदलण्याची मुभा दिली आहे. क्रिटिकल स्किल्स परवान्यावर दोन वर्षे झाली की ‘स्टॅम्प ४’ चा मार्ग खुला होतो. शिवाय क्रिटिकल स्किल्सवाल्यांच्या जोडीदारांना २०१९ पासून, आणि २०२४ च्या मे महिन्यापासून जनरल परवान्यावाल्यांच्या जोडीदारांनाही, वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येते. घरात दुसरा पगार, तोही अर्धवेळ का असेना, असला की साहेबांसमोरचे ते वाक्य बरेच सोपे जाते.

कोच निवडताना एक लक्षात ठेवावे की हे नाव कोणीही लावू शकते, त्याला कायद्याने परवाना लागत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन (स्थापना १९९५) ही संस्था प्रमाणपत्रे देते. पहिल्या पायरीसाठी १०० तास आणि मधल्या पायरीसाठी ५०० तास प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. पहिली भेट बहुतेक जण मोफत देतात, तिचा फायदा घ्यावा. किती बैठका, एकूण खर्च किती, मध्येच थांबलो तर काय, हे लेखी घ्यावे. सहा बैठकांत काहीच बदलले नाही तर बारा घेऊन बदलेल असे मला वाटत नाही. हा वैद्यकीय खर्च धरला जात नाही, त्यामुळे त्यावर २० टक्क्यांची कर-सवलत मिळत नाही.

पैसे कंपनी देत असेल तर आणखी एक प्रश्न आधीच विचारावा: माझ्याविषयी तुम्ही माझ्या साहेबांना काय सांगणार? रीतसर पद्धत अशी की उद्दिष्टे तिघांनी मिळून ठरवायची, किती बैठका झाल्या तेवढे कंपनीला कळवायचे आणि आतले बोलणे आतच ठेवायचे. याचे उत्तर गुळमुळीत आले तर तेथे घरची गोष्ट बोलू नये. आणि स्वतःच्या खिशाला हात घालण्याआधी कंपनीत ‘एम्प्लॉयी असिस्टन्स’ची सोय आहे का ते पाहावे. त्यात समुपदेशनाच्या काही बैठका बहुधा विनामूल्य असतात, पुष्कळदा जोडीदारालाही. आपली माणसे ती क्वचितच वापरतात.

शेवटी कायद्याचे थोडे. १९९७ च्या कायद्याने आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ११ तासांची विश्रांती ठरवली आहे. पण आपल्या कामाच्या वेळा जो स्वतः ठरवतो त्याला यातून वगळले आहे, आणि वरिष्ठ पदावरचे अनेक जण याच खुंटीवर टांगले जातात. करारात तुमच्या वेळा कंपनीने ठरवलेल्या असतील, तर पद मोठे आहे एवढ्यावरून तुम्ही आपोआप वगळले जात नाही. एप्रिल २०२१ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काची संहिताही आहे. ती मोडणे हा गुन्हा नव्हे, पण तक्रार झाली तर वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनसमोर ती पुरावा म्हणून मांडता येते. तक्रारीची मुदत साधारणपणे सहा महिने असते, म्हणून रात्रीच्या बैठकांची तारीख-वार नोंद आजपासूनच एका वहीत ठेवावी. कोचने लिहायला सांगितलेल्या पाच ओळींची वही त्यासाठी चालते.